मात्रेचा पडताळा



 सारे आयुष्य मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या माणसाने किरणोपचारातील मात्रेच्या तपासणीवर बोलावे, याचे निमंत्रणपत्रिका वाचून काहींना नवल वाटले असेल. मी भौतिकशास्त्राचा पंडित नाही, वैद्यही नाही. जुने मराठी गद्य हा माझ्या संशोधनाचा विषय होता आणि पोथ्या व कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अभ्यासाने जी एक दृष्टी दिली, तिच्या आधारानेच मी या विषयाकडे आलो आहे. त्यातही आपल्या भाषेतील दोन शब्दांनी मला वाट दाखविली. एक 'मात्रा' आणि दुसरा 'ताळा'.

छंदःशास्त्रात मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या काळाचे माप. लेखनात अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ म्हणजे मात्रा. आजीबाईच्या बटव्यात सहाणेवर उगाळून, मधातून चाटवावयाचे औषध म्हणजेही मात्राच. या अर्थांच्या मुळाशी माप आहे. मात्रा कमी पडली तर चरण लंगडतो आणि औषध लागू पडत नाही. अधिक झाली तर वृत्त मोडते आणि औषधाचे विष होते. ताळ्याचे तसेच. आपल्या शाळांतून भागाकाराचा ताळा गुणाकाराने घ्यावयास शिकवीत. भाजकाने भागाकारास गुणावे, बाकी मिळवावी आणि मूळची भाज्य संख्या येते का ते पाहावे. तोच भागाकार पुन्हा त्याच रीतीने करून पाहणे याला कोणी ताळा म्हणत नसे. पहिल्या खेपेस जेथे पाय घसरला, तेथेच दुसऱ्या खेपेसही तो घसरावयाचा. वाट बदलल्याखेरीज ताळा होत नाही, एवढेच आजच्या माझ्या व्याख्यानाचे सूत्र आहे. किरणोपचाराच्या इतिहासात हे सूत्र फार मोठी किंमत देऊन शिकले गेले. तो इतिहास मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मापाची कहाणी

किरणोपचाराला आपल्या घरांतून 'शेक देणे' म्हणतात, कोणी 'लाइट घेणे' म्हणतात. शेक हा शब्द थोडा फसवा आहे. रुग्णाला टेबलावर निजवतात, खोलीचे जड दार बंद होते, एक-दोन मिनिटे यंत्र चालते आणि दार पुन्हा उघडते. त्या अवधीत शरीराचा तो भाग अंशाच्या एक सहस्रांशानेही तापत नाही. या किरणांना रंग नाही, गंध नाही, स्पर्श नाही. काकरापारचे अणुवीज केंद्र आपल्या परिसरात असल्यामुळे 'अणू' हा शब्द सुरतकरांना अपरिचित नाही. परंतु सामान्य माणसाची अणुशक्तीशी सर्वांत जवळची भेट होते ती रुग्णालयातील त्या जाड भिंतींच्या खोलीत. तेथे जे दिले जाते ते रुग्णाला कळत नाही आणि देणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. कळते ते केवळ मोजमापाने.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम. त्यानंतर थोड्याच काळात या किरणांचा उपयोग कर्करोगावर होऊ लागला. माप मात्र नव्हते. त्वचा किती लाल होते यावरून डॉक्टर मात्रेचा अदमास घेत. एकाची त्वचा गोरी, दुसऱ्याची सावळी. एकाची नाजूक, दुसऱ्याची राठ. माप रुग्णागणिक बदलत होते, म्हणजेच ते माप नव्हते. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत 'राँटगेन' हे एकक स्वीकारले गेले. १९५३ मध्ये 'रॅड' आले आणि १९७५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाने 'ग्रे' हे एकक रूढ झाले. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे. आज अनेक कर्करोगांत दररोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे २५ ते ३० बैठकांत एकूण ५० ते ६० ग्रे मात्रा दिली जाते.

या मोजमापात चूक किती खपवून घ्यावी? १९७६ मध्ये विकिरण एकके व मापने यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याचे उत्तर दिले. ठरविलेली मात्रा आणि प्रत्यक्ष दिलेली मात्रा यांत पाच टक्क्यांहून अधिक अंतर असू नये. पाच टक्के ही मर्यादा हौसेखातर ठरलेली नाही. मात्रा थोडी कमी झाली की गाठीतील काही पेशी जिवंत राहतात आणि रोग उलटतो. थोडी अधिक झाली की शेजारची निरोगी आतडी, मज्जारज्जू, त्वचा यांना इजा होते. वाईट हे की, या दोन्ही गोष्टी त्या दिवशी कळत नाहीत. कधी काही महिन्यांनी कळतात, कधी काही वर्षांनी. तोपर्यंत त्याच यंत्राखाली आणखी शेकडो माणसे निजून गेलेली असतात.

आपल्या देशात या शास्त्राची पायाभरणी झाली तिच्याशी दक्षिण गुजरातचे जुने नाते आहे. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ मध्ये येथून जवळच, नवसारीस झाला. त्यांचे पुत्र सर दोराबजी यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. पॅरिसला मादाम क्यूरींच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले डॉ. रामय्या नायडू तेथे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून आले. रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ हवा, ही जाण आपल्याकडे त्यांच्यापासून रुजली आणि त्यांच्या नावेही देशातील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना स्मृतिव्याख्यान भरविते. १९५७ मध्ये मद्रासच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये देशातील पहिले टेलिकोबाल्ट यंत्र आले. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि त्याच वर्षी ट्रॉम्बे येथे रुग्णालयांसाठी भौतिकशास्त्रज्ञ घडविणारा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. त्या काळी आपल्या भागातील रुग्णांना फ्लाइंग राणीने मुंबई गाठावी लागे. १९७२ मध्ये अहमदाबादला कर्करोग संस्था उभी राहिली आणि पुढे सुरतेतही उपचाराची सोय झाली. यंत्रे गावोगाव आली. त्याबरोबर मोजण्याची जबाबदारीही गावोगाव वाटली गेली.

चांगल्या माणसांच्या हातून

टेलिकोबाल्ट यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत असतो. त्याची शक्ती सतत घटत जाते. ५.२७ वर्षांत ती निम्मी होते, म्हणजे दरमहा सुमारे एक टक्क्याने कमी होते. तेवढ्या प्रमाणात उपचाराचा काळ वाढवावा लागतो. त्यासाठी स्रोताची शक्ती वेळोवेळी प्रत्यक्ष मोजावी, असा दंडक आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथील एका मोठ्या रुग्णालयात १९७४ मध्ये ही शक्ती मोजली गेली. त्यापुढे ती प्रत्यक्ष न मोजता आलेखावरून काढण्यात येऊ लागली. घट वक्ररेषेने होते, आलेखात ती सरळ रेषेने ओढली गेली. कागदावर स्रोत लवकर क्षीण होत गेला, प्रत्यक्षात तो तेवढा क्षीण झालाच नव्हता. परिणामी उपचाराचा काळ गरजेपेक्षा वाढत गेला. आरंभी सुमारे दहा टक्के असलेली अतिमात्रा १९७६ पर्यंत ४५ टक्क्यांपर्यंत पोचली. ४२६ रुग्ण या चुकीच्या तडाख्यात सापडले.

१९८८ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे कोबाल्टचा नवा स्रोत बसविला गेला. तो मोजताना चूक झाली आणि फेब्रुवारी ते जुलै या काळात २०७ रुग्णांना २५ टक्के अधिक मात्रा मिळाली. ही चूक रुग्णालयातील कोणाला आढळली नाही. त्या सुमारास त्या देशातील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने सर्व केंद्रांच्या मोजमापांची तुलना हाती घेतली होती. बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या स्वतःच्या उपकरणाने मोजले, तेव्हा ती उघडकीस आली. तो आला नसता तर किती महिने गेले असते, याचा विचारच केलेला बरा.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाच्या सान होसे या राजधानीत असेच घडले. नवा स्रोत मोजताना घड्याळावर ०.३ मिनिटे म्हणजे १८ सेकंद असा काळ होता. तो ३० सेकंद समजला गेला. एका दशांश चिन्हाचा अर्थ चुकला आणि ११५ रुग्णांना ठरविल्यापेक्षा सुमारे ५० ते ६० टक्के अधिक मात्रा मिळाली. रुग्णांच्या शरीरावरील प्रतिक्रिया फार तीव्र दिसू लागल्यावर शंका आली. काही मृत्यू या अतिमात्रेमुळेच झाले, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी काढला.

अतिमात्रेचे व्रण निदान दिसतात. न्यूनमात्रेचे काहीच दिसत नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ मध्ये उपचाराचा आराखडा करणारी संगणकप्रणाली आली. यंत्रापासून रुग्णाच्या अंतरासाठी करावयाची दुरुस्ती ती प्रणाली स्वतःच करीत होती. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे तीच दुरुस्ती कर्मचारीही हाताने करीत राहिले. तीच वजाबाकी दोनदा झाली. १९९१ मध्ये दुसरी प्रणाली आली तेव्हा हे ध्यानात आले. तोपर्यंत नऊ वर्षांत हजाराहून अधिक रुग्णांना ठरविल्यापेक्षा कमी मात्रा मिळालेली होती. रोग उलटला की डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही तो नशिबाचा वा रोगाचा दोष मानतात. मापाचा दोष कोणाच्या मनातही येत नाही.

श्रोतेहो, या घटनांतील माणसे दुष्ट नव्हती आणि अडाणीही नव्हती. त्यांनी आकडेमोड मन लावून केली होती आणि तिच्याप्रमाणे उपचार काटेकोरपणे दिले होते. चूक होती ती सातत्याची. जी चूक दररोज सारखीच होते ती चूक वाटत नाही, तिला नियमाचे रूप येते. माझ्या पोथ्यांच्या अभ्यासात मी हेच पाहत आलो. लेखनिक एखाद्या ठिकाणी डुलकी घेतो आणि शब्द गाळतो, ती चूक वाचणाऱ्याला खटकते. पण एखाद्या शब्दाचा अर्थच त्याने वेगळा समजला असेल आणि पोथीभर तोच फिरविला असेल, तर ती पोथी आतून अगदी सुसंगत दिसते. तिची चूक तिच्या आत राहून सापडत नाही. दुसरी पोथी हाती यावी लागते.

माझ्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपूर्वी किरणोपचाराच्या पंचवीस बैठका घ्याव्या लागल्या. तिचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. उपचार उत्तम झाले, तेथील मंडळी आस्थेवाईक होती. पण एके दिवशी ती मला म्हणाली, "अरे, गोळी दिली तर मोजून घेता येते. सुई दिली तर बाटलीवर लिहिलेले असते. हे आत काय देतात ते मला कळत नाही, तुला कळत नाही. मग देणाऱ्याने बरोबर दिले की नाही, हे पाहते कोण?" मी तिला काहीतरी उत्तर दिले, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. माझा एक जुना विद्यार्थी रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. बहिणीचा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. उत्तरादाखल त्याने मला जे सांगितले आणि वाचावयास दिले, ते ऐकून वाचून मी चकित झालो. देणाऱ्यावर पाहणारा कोणीतरी असतो, आणि तो बहुधा टपालाने येतो.

टपालाने जाणारी कुपी

काही स्फटिकांचा एक विलक्षण गुण आहे. त्यांच्यावर किरण पडले की त्या ऊर्जेचा काही अंश ते आपल्यात साठवून ठेवतात. नंतर तापविले की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने परत देतात. जितकी मात्रा पडली, त्या मानाने प्रकाश. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात; आपण तापदीप्ती म्हणू. लिथियम फ्लोराइड हा असा एक पदार्थ. भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटवर आधारलेली अशीच भुकटी तयार केली आणि १९७५ पासून किरणोत्साराशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्यांत फिल्मच्या जागी तिचा उपयोग होऊ लागला. ही भुकटी चिमूटभर पुरते, सहज खराब होत नाही आणि पाकिटातून कोठेही पाठविता येते.

या गुणावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ मध्ये एक साधी पण दूरदृष्टीची योजना सुरू केली. व्हिएन्नाजवळील सायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेतून भुकटीच्या लहान कुप्या जगभरच्या रुग्णालयांना टपालाने जाऊ लागल्या. रुग्णालयाने पाण्याच्या भांड्यात, ठराविक खोलीवर कुपी धरावी. आपल्या नेहमीच्या मोजमापानुसार एखाद्या रुग्णाला द्यावी तशी तिला बरोबर २ ग्रे मात्रा द्यावी आणि परत पाठवावी. प्रयोगशाळेत ती तापवितात, निघालेला प्रकाश मोजतात आणि तिला खरोखर किती मात्रा मिळाली ते काढतात. रुग्णालय म्हणते २. कुपी काय म्हणते? दोहोंतील फरक पाच टक्क्यांच्या आत असला तर ठीक. नसला तर रुग्णालयाला गुप्तपणे कळविले जाते, दुसरी कुपी पाठविली जाते, कारण शोधण्यास मदत केली जाते आणि तरीही मेळ बसला नाही तर तज्ज्ञ प्रत्यक्ष जातात.

आरंभीच्या वर्षांत तपासलेल्या यंत्रांपैकी निम्म्याच्या आसपासच या मर्यादेत बसली. अलीकडच्या काळात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले आहे. जी रुग्णालये नियमाने भाग घेतात, त्यांचे निकाल प्रथमच भाग घेणाऱ्यांपेक्षा चांगले असतात, हाही या योजनेचा अनुभव आहे. माझ्या विद्यार्थ्याने याचे कारण फार मार्मिकपणे सांगितले. कुपी येणार हे ठाऊक असले की माणूस आपली वही एकदा अधिक लक्ष देऊन पाहतो. तपासणीचा अर्धा गुण ती होण्यापूर्वीच पदरात पडतो. २०१७ पासून या आंतरराष्ट्रीय योजनेत भुकटीची जागा एका विशिष्ट काचेच्या कांडीने घेतली आहे, रीत मात्र तीच आहे.

आपल्या देशाला या कामी परावलंबी राहावे लागले नाही. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रमाण-प्रयोगशाळा १९७० च्या दशकातच या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाली आणि देशातील रुग्णालयांकडे टपालाने मापके पाठवून त्यांची मात्रा पडताळण्याचे काम करू लागली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांनी परवाना आणि विकिरण सुरक्षा अधिकारी यांची चौकट घालून दिली. २००५ मध्ये नवी मुंबईत खारघर येथे 'भाभाट्रॉन' हे भारतीय बनावटीचे कोबाल्ट यंत्र बसले, तेव्हा यंत्रही आपले आणि मापही आपले, अशी स्थिती आली.

कोणी विचारील, तपासणाऱ्याला कोण तपासतो? त्याचीही सोय आहे. राष्ट्रीय प्रमाणे सांभाळणाऱ्या प्रयोगशाळा आपली मापे पॅरिसजवळ सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेशी आणि परस्परांशी ताडून पाहतात. या साखळीत कोणीही स्वतःच्या शब्दावर खरा ठरत नाही, यातच तिचे बळ आहे.

स्वतंत्र म्हणजे कोण

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. 'तपासणी' हा शब्द सोपा आहे, 'स्वतंत्र' हा अवघड आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण केले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतील पोथ्या त्यांच्यापुढे होत्या. पाठचिकित्सेचे एक तत्त्व असे की, साक्षीदार मोजावयाचे नसतात, त्यांचे कूळ पाहावयाचे असते. दहा पोथ्या एकाच प्रतीवरून उतरविलेल्या असतील तर त्या दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष दहा तोंडांनी बोलते. काश्मीरची शारदा लिपीतील पोथी आणि केरळची मलयाळम लिपीतील पोथी एकच पाठ देते, तेव्हा त्या पाठाला वजन येते. रुग्णालयातही असेच आहे. एकाने आकडेमोड करावी आणि दुसऱ्याने तोच कागद, तेच कोष्टक आणि तेच उपकरण घेऊन खाली सही करावी, तर ती सही म्हणजे री ओढणे आहे. सान होसेत दहा जणांनी त्या कागदावर सह्या केल्या असत्या, तरी १८ सेकंदांचे ३० सेकंदच राहिले असते.

राज्यकारभारातही आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. सुरतेत शिवछत्रपतींचे नाव निघाले की १६६४ ची आठवण होते आणि येथील मंडळींच्या चेहऱ्यावर मिस्किल हसू येते, हे मला ठाऊक आहे. मला आज त्यांची गडाची व्यवस्था सांगावयाची आहे. सभासदाच्या बखरीत म्हटल्याप्रमाणे प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत आणि ते एका जातीचे नसावेत, असा कटाक्ष होता. तिघांवर विश्वास नव्हता म्हणून ही रीत घातली असे नाही. गड हातचा जाऊ नये म्हणून घातली. आणि सुरतेपुरते बोलावयाचे तर, मोगली अमलात परदेशी व्यापाऱ्यांची चांदी येथे उतरत असे. ती टांकसाळीत जाऊन तिचा कस ठरल्यावाचून तिचे रुपये पडत नसत. आजही या शहरात हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर कितीही नामांकित असो, मोठ्या खड्याची प्रत बाहेरच्या प्रयोगशाळेच्या दाखल्याने ठरते. त्यात कारागिराला अपमान वाटत नाही. ज्या गावाने धातूचा आणि दगडाचा कस इतक्या निगुतीने पाहिला, त्याने माणसाला मिळणाऱ्या मात्रेचा कसही तितक्याच आस्थेने पाहावा, असे मला वाटते.

मर्यादा आणि आक्षेप

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी केवळ स्तुती केल्यासारखे होईल. टपालाची कुपी एका ठराविक स्थितीतील मात्रा तपासते. कोलंबस, एक्झिटर किंवा सान होसे येथील चूक तिला तत्काळ दिसली असती. स्टोकची चूक दिसली नसती, कारण ती यंत्राच्या मापात नव्हती, प्रत्येक रुग्णाच्या आराखड्यात होती. म्हणून आता अनेक देशांत मनुष्यदेहासारखी प्रतिकृती रुग्णालयात पाठवून, खऱ्या रुग्णाप्रमाणे तिचा आराखडा करून, आरंभापासून अखेरपर्यंतचा सारा प्रवास तपासण्याची रीत आली आहे. लिनिअर अॅक्सिलरेटर आले, संगणक आले, किरणांना हवा तो आकार देता येऊ लागला. त्या मानाने चूक लपण्याच्या जागाही वाढल्या. उपचार जितका नाजूक, तितका ताळाही सूक्ष्म हवा.

एक आक्षेप असा घेतात की, बाहेरच्या तपासणीने डॉक्टरांवर अविश्वास दाखविला जातो. मला हे पटत नाही. किराणा दुकानाच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तो दुकानदार लबाड आहे म्हणून नव्हे. उलट, शिक्का असला की प्रामाणिक दुकानदाराची मान ताठ राहते. दुसरा आक्षेप असा की, चूक सापडली तर रुग्णालयाची बदनामी होईल. यासाठीच निकाल प्रथम फक्त त्या रुग्णालयाला कळविण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे. शिक्षेची भीती घातली की चुका कमी होत नाहीत, त्या लपविल्या जातात. मात्र रुग्णालय या तपासणीत भाग घेते की नाही आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे सांगण्यात संकोच कशाचा? तराजूच्या शिक्क्याप्रमाणे तेवढा एक कागद प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लागावा. सातवी शिकलेल्या माणसालाही तो वाचता येईल.

या सभेत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, कापड आणि हिऱ्याच्या व्यवसायात नाव मिळविलेले माजी विद्यार्थी आहेत. सुरत दानशूर आहे. येथे रुग्णालयाला यंत्र हवे असले तर देणगी उभी राहते आणि ती योग्यच आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. मात्रा मोजणाऱ्या उपकरणावर, ते दर काही वर्षांनी प्रमाण-प्रयोगशाळेत पाठविण्याच्या खर्चावर, दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या वेतनावर अशी पाटी लावता येत नाही. माझी आपणांस विनंती आहे की, आपल्यापैकी जो कोणी एखाद्या रुग्णालयाचा विश्वस्त असेल वा होईल, त्याने वार्षिक सभेत एक प्रश्न अवश्य विचारावा : "आपल्या यंत्राची मात्रा बाहेरच्या माणसाने शेवटी कधी पडताळली आणि काय निघाले?" या प्रश्नाला लागणारा वेळ एका मिनिटाचा आहे. उत्तर तारखेसह मिळाले तर त्या रुग्णालयाचे अभिनंदन करावे. उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत विचारीत राहावे.

आणि जे विद्यार्थी येथे बसले आहेत, त्यांना सांगावयाचे ते असे की, वैद्यकीय भौतिकशास्त्र हा एक मार्ग तुमच्यासाठी मोकळा आहे. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलाला वा मुलीला तेथे आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे. रुग्ण तुम्हाला ओळखणार नाही, बरा होऊन घरी जाताना तो डॉक्टरांच्या पाया पडेल, तुमच्या खोलीकडे त्याचे लक्षही जाणार नाही. तुम्ही तेथे होता म्हणून त्याला दोनाच्या जागी दोनच मिळाले, हे तुमच्या वहीत लिहिलेले असेल आणि दुसऱ्या कोणीतरी ते तपासलेले असेल.